शकूताईचं बियाण्याचं कोहळं

"राख हाये का वो बाई तुमच्या घरात?"

शकूताईने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ना नाव विचारलं, ना गाव. हॉलंडमधल्या आइंडहोवनजवळच्या एका लहानशा गावात, एप्रिलमधल्या गारठ्यात, लाकडी कुंपणापलीकडे उलट्या बादलीवर उभी राहून एक बाई माझ्याकडे राख मागत होती. पातळावर मुलाचं जाड जाकीट, डोक्याला मफलर, पायांत मोज्यांवर सपाता. मी म्हटलं, अहो, इथे शेगडीसुद्धा विजेची, राख कुठून आणू? "एवढा श्रीमंत देश, आन घरात मूठभर राख नाही," असं म्हणून ती बादलीवरून उतरली आणि दिसेनाशी झाली. मला वाटलं, बाई जरा विचित्रच दिसते. वाटलं ते चूक नव्हतं, पण अर्धवट होतं.

मी लेकीच्या, मृणालच्या, बाळंतपणासाठी फेब्रुवारीत तिकडे गेले होते. मे महिन्याचं परतीचं तिकीट होतं. मार्चमध्ये करोनामुळे सगळ्या जगानेच दाराला कडी लावून घेतली आणि माझं तिकीट रद्द झालं. शेजारच्या प्रशांतची आई म्हणजे ही शकूताई. ती अकोल्याकडची, तीन महिन्यांसाठी म्हणून आलेली, तीही तशीच अडकली. तिचा मुलगा आणि माझा जावई एकाच कंपनीत, कॉम्प्युटरच्या चिपा बनवायची यंत्रं करणाऱ्या. ते दोघे वरच्या मजल्यांवर लॅपटॉपपुढे, आणि खाली परसांत आम्ही दोघी. माणसामाणसात दीड मीटर अंतर ठेवायचा नियम होता. शकूताईने कुंपणाच्या दोन फळ्या काढून तिथे दीड मीटरचा एक बांबू मोजून आरपार खोचला होता. ह्या टोकाला माझी खुर्ची, त्या टोकाला तिची. "सरकारी बांबू हाये, शिवू नका," असं मृणालच्या बाळालाही ती गंभीरपणे बजावायची.

राख तिने मिळवलीच. तिच्या पलीकडच्या घरात यान नावाचे ऐंशीच्या घरातले एक डच आजोबा राहायचे. जुन्या वॉशिंग मशीनमधला पोलादी, भोकाभोकांचा ड्रम परसात ठेवून संध्याकाळी त्यात लाकडं पेटवायची आणि शेकत बसायचं, ही त्यांची रीत. तिथे बरेच लोक तसं करतात. शकूताई डबा घेऊन त्यांच्या कुंपणाशी गेली. तिचं त्यांना कळत नव्हतं, त्यांचं तिला. तिने ड्रमकडे बोट दाखवलं, अंगठा बोटांवर चोळून दाखवला, डबा पुढे केला. आजोबांनी डबा भरून दिला. परत येताना तिने मला सांगितलं, माणूस बरा आहे, कायले पाहिजे म्हणून विचारत बसला नाही.

राख पाहिजे होती कोहळ्याच्या बियांना चोळायला आणि पुढे वेलावर भुरभुरायला. कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा, त्यांच्याकडे कोहळंच म्हणतात. शकूताईने तीस वर्षं एका शेतकी फार्मवर मजुरी केलेली, भाजीपाल्याच्या विभागात. तिचं काम फुलं बांधायचं. कोहळ्याच्या वेलाला नर फुलं वेगळी येतात आणि मादी फुलं वेगळी. बियाणं शुद्ध राहायला हवं असेल तर उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्याने बांधायची, सकाळी सोडायची, नर फूल मादी फुलात फिरवायचं आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकायचं, म्हणजे मध्ये कुठली माशी लुडबुडत नाही. "साहेब लोकं पेपरात नाव छापत, लगीन मी लावो," असं ती सांगायची. हजारो लग्नं लावली म्हणे, आणि एकाचंही आमंत्रण नाही आलं.

ह्या बिया दिल्या होत्या तिच्या धाकट्या बहिणीने, सुलीने. सुलीच्या घरापुढच्या अंगणात हा वेल त्यांच्या आईच्या काळापासूनचा. दरवर्षी सुली त्यातलं एक फळ बियाण्यासाठी राखायची आणि बिया राखेत कालवून मडक्यात ठेवायची. शकूताई निघाली तेव्हा सुलीने मूठभर बिया तिच्या पर्समध्ये कोंबल्या होत्या. तिकडच्या मातीत येते का पाहून सांग, म्हणाली होती.

आता प्रशांतचं घर भाड्याचं, परसात छान कापलेलं गवत, आणि करारात लिहिलेलं की गवत तसंच राहिलं पाहिजे. शकूताईने एका आठवड्यात अर्धं गवत उपटलं. प्रशांत वरून खाली आला, कपाळाला हात लावून उभा राहिला. आई, घरमालक काय म्हणेल? ती म्हणाली, "गवत कोणी खाते का? आला तं त्याले भाजी देईन." प्रशांत मला म्हणाला, मावशी, तुम्ही तरी सांगा हिला. मी काय सांगणार, मी तोवर कुंपणावरून तिला खुरपं देऊन चुकले होते.

जुलैत वेल फुलले. नर फुलं पुष्कळ येतात, त्यांची भजी करतात. पहिली भजी ताटलीत घालून तिने बांबूच्या टोकावरून माझ्याकडे सरकवली, पण ताटली सोडली नाही. "आमच्या हातचं खाता ना?" मी म्हटलं, खाते की. तिने ताटली तशीच धरून विचारलं, "पुण्यात खाल्लं असतं?" प्रश्न कशाबद्दल आहे ते आम्हा दोघींना नीट कळत होतं. मी खरं तेच सांगितलं, की सासूबाई होत्या तोवर नसतं खाल्लं. त्या गेल्यावर खाल्लं असतं, पण कोणी दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. तिने ताटली सोडली. "खरं बोलली. आजपासून तुले तू म्हणते." तेव्हापासून मी कुमुद झाले. भजी फार सुंदर होती, हेही सांगून ठेवते.

ऑगस्टमध्ये सुली गेली. तोच आजार. शेवटचं दर्शन नाही, काही नाही, फोनवर भाच्याचा रडका आवाज तेवढा. शकूताई त्या दिवशी परसात आली नाही. दुसऱ्या दिवशी आली आणि वेलाला पाणी घालता घालता मला पुढचं सांगितलं. गावात सगळे घाबरलेले, म्हणून भाच्याने सुलीचं अंथरूण, कपडे, भांडीकुंडी सगळं शेतात नेऊन जाळलं होतं. त्यात ते बियांचं मडकंही गेलं. आणि सुलीला आधीपासूनच बरं नव्हतं म्हणून यंदा अंगणात वेल लावलाच नव्हता. "आईचं बियाणं," ती म्हणाली, "आता ह्या परसात हाये, आन कुठीच नाही."

परसात तरी किती? आणलेल्या बिया तिने सगळ्या पेरून टाकल्या होत्या. तिने दोऱ्याने बांधून तीन फुलांची लग्नं लावली होती. दोन फळं पावसाने कुजली. एक धरलं होतं, वाटीएवढं, देठाला पांढरा दोरा असलेलं. बाकीची सात-आठ फळं माशांच्या मर्जीची, खायची. बियाण्याचं ते एकच.

आता माझ्या चुकीकडे येते. हे गेल्यापासून मी रोज सकाळी दहीभाताचा पहिला घास कावळ्यासाठी बाहेर ठेवते. तिकडेही ठेवत होते, आमच्या परसातल्या लाकडी खोलीच्या छपरावर. सुलीच्या दहाव्या दिवशी माझ्या मनात आलं, बिचारीचं तिकडे कोणी काही केलं नसेल. शकूताई बौद्ध, त्यांच्यात हे मानत नाहीत, मला ठाऊक होतं. तरी मी तिला न विचारता सुलीच्या नावाने वेगळा घास ठेवला. तिथले कावळे खातात एरवी, पण त्या दिवशी एक फिरकेल तर शपथ. मग मी आपल्या रीतीप्रमाणे हात जोडून म्हटलं, सुले, तुझं बियाणं आम्ही सांभाळू, वचन देते. आत जाऊन चहा ठेवला, बाहेर येऊन पाहते तो घास साफ. माझ्या अंगावर काटा आला. शिवला म्हणायचा कावळा. त्यानंतर रोज पहाटे दोन घास ठेवायला लागले आणि रोज ते जायला लागले. मला फार समाधान वाटायचं.

पंधरा दिवसांनी एका सकाळी शकूताईची तीन फळं फोडलेली सापडली. आतून कोरून खाल्लेली, जणू चमच्याने. ओल्या मातीत पंजे उमटलेले, अगदी रांगत्या मुलाच्या हातासारखे. त्याच दिवशी यान आजोबांच्या हौदातले सोनेरी मासे नाहीसे झाले. दोन दिवसांनी पहाटे शकूताईने चोर पाहिला. उदमांजरापेक्षा मोठा, राखाडी, शेपटीवर काळे पट्टे, आणि डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखं तोंड. मला सांगताना म्हणाली, त्यालाही मास्क आहे, फक्त घालायचा कुठे ते कळलं नाही. प्रशांतने फोनवर चित्र शोधून दाखवलं, तर हाच. रॅकून. मूळचा अमेरिकेतला, जर्मनीच्या बाजूने भटकत आलेला, आमच्या भागात क्वचितच दिसणारा.

मग लढाई सुरू झाली. वेलाभोवती तिखट पसरलं, तर पावसाने धुऊन नेलं. जुनी पातळं फडकवली, तर त्यातल्या एकावर तो झोपलेला सापडला. घरातले डबे दोरीला बांधून वाजते केले, त्याने समोरची दोन घरं जागी झाली, तो सोडून. रोज एखादं फळ जात होतं आणि तो पांढऱ्या दोऱ्याच्या फळाजवळ सरकत होता. "शिकलेला हाये," शकूताई म्हणाली. "पन मीबी फार्मवर रानडुकरं हाकलली हाये. ह्याचं काय, डुकराच्या एका पायाएवढा."

यान आजोबांनी खेमेंतेला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, कळवलं. तिथून पिंजरा घेऊन एक उंच माणूस आला. तो म्हणाला, हा प्राणी इथला नाही, पक्ष्यांची अंडी खातो, म्हणून त्याला धरून न्यायचा असतो. पुढे काय करता, हे शकूताईने प्रशांतला विचारायला लावलं. त्या माणसाने बरंच लांबलचक, गोड शब्दांत सांगितलं. प्रशांतने मराठीत एवढंच सांगितलं, बहुतेक मारतात. आणि पुढे म्हणाला, आई, पिंजरा आपल्याच परसात ठेवू, तुझं बियाणं वाचेल.

शकूताई रोज सकाळी वंदना म्हणायची, जिवाची हत्या करणार नाही हे त्यातलं पहिलंच शील. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्याले सांग, मीबी इथली नाही. माहं तिकीट रद्द झालं म्हणून मले पिंजरा लावते का?" प्रशांत त्या माणसाला डचमध्ये म्हणाला, आई विचार करून सांगते. पण शकूताईचा चेहरा पाहून त्या माणसाला भाषांतराची गरज पडली नसावी. त्याने पिंजरा उचलला आणि यान आजोबांच्या परसात नेऊन मांडला.

जाता जाता मात्र तो आमच्या छपराकडे पाहत थांबला. म्हणाला, हा भोपळ्यांसाठी आलेला नाही. ह्याला कोणीतरी रोज एका जागी शिजवलेलं खायला घालतं आहे, तो त्यासाठी येतो आणि मग बाकीचं शोधतो. आणि त्याने छपराच्या कडेला चिकटलेली भाताची दोन शितं बोटाने दाखवली. प्रशांतने सगळं भाषांतर केलं. मी म्हटलं, पक्ष्यांसाठी ठेवते मी.

दुपारी मला राहवेना. बांबूच्या अलीकडे बसले आणि सगळं सांगून टाकलं. दहावा दिवस, वेगळा घास, वचन, सगळं. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

तिने हातातलं दोऱ्याचं रीळ गुंडाळून ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे माह्या बहिणीच्या नावानं तू ह्या चोराले दहीभात चारला."

मी हो म्हटलं.

"कोणाले विचारून?" आवाज चढला नव्हता, पण तो ऐकून वरच्या खिडकीत प्रशांत आला. "सुली जिती होती तवा तिले कोणाचं उष्टं चालत नव्हतं, आन मेल्यावर तू तिले कावळ्याच्या तोंडानं जेवू घालते? आमची मानसं नाही वं अडकत कुठी. गेलं तं गेलं. मागं राहते ते त्यानं पेरलेलं, तेवढंच. आन तेच तू ह्या चोराच्या पुढ्यात वाढून ठेवलं."

मी रडायला लागले. मला वाटलं, झालं, एवढी एक मैत्रीण मिळाली होती ह्या परक्या मुलखात, तीही घालवली. म्हटलं, शकूताई, मी फार मोठी चूक केली.

"केलीच. रडून काय होते?" ती उठली. "वचन दिलं म्हनते ना? कोणाले दिलं ते सोड. दिलं तं पाळ. उद्या पहाटे साडेपाचाले येजो. खुर्ची आन. आन तो भात बंद."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघींनी राखण केली. अंगावर रजया, हातात गरम पाण्याच्या पिशव्या, मधे सरकारी बांबू, आणि पुढ्यात ते फळ, एव्हाना परातीएवढं झालेलं. मृणाल म्हणाली, आई, थंडी बाधेल, ह्या दिवसात साधी सर्दीसुद्धा परवडायची नाही. जन्मात पहिल्यांदा मी लेकीला म्हटलं, तू आत जा. शकूताईने मान न वळवता म्हटलं, "शिकली."

पिंजऱ्यात पहिल्या दिवशी साळिंदराचा धाकटा भाऊ शोभेल असा एक काटेरी प्राणी सापडला, दुसऱ्या दिवशीही तोच, आणि तिसऱ्या दिवशी यान आजोबांच्या लेकीचं मांजर. त्या मांजराने केलेला तमाशा ऐकून आजोबांनी पिंजरा मिटवून ठेवला. संध्याकाळी ते शकूताईच्या कुंपणाशी आले आणि आपला शेकोटीचा ड्रम कुंपणावरून आत दिला. मग हातांनी खूण करून दाखवली, उलटा घाल म्हणून. शकूताईने तो फळावर पालथा घातला, कडेखाली वेलापुरती वीट लावून फट ठेवली, वर चार विटा रचल्या. भोकांतून वारा, ऊन दोन्ही आत जात होतं. तिने आजोबांना दोन्ही हात जोडले. त्यांनीही जोडले, जरा वाकडे, पण जोडले.

आणि पहाटे तो आला. कुंपणावरून चालत, घाई नाही काही नाही. आधी आमच्या छपरावर गेला, माझ्या घासाची जागा हुंगली, तिथे काही नाही म्हणून माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, मला वाईट वाटलं. मग खाली उतरून सरळ ड्रमपाशी. चारी बाजूंनी फिरला. मागच्या पायांवर उभं राहून विटा ढकलून पाहिल्या, हलल्या नाहीत. तेव्हा त्याने आपली काळी, बारीक बोटं एका भोकातून आत घातली आणि वैद्याने नाडी पाहावी तसं फळ चाचपायला लागला.

शकूताई उठली. दोन पावलांवर जाऊन उभी राहिली, हातात लाटणं. तो पळाला नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"पाह्य बाबू," ती अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "बाकीचं खाल्लं, मी काही म्हटलं? तुले धरू दिलं नाही. मारू देनार नाही. पन हे नाही देत. हे माह्या आईचं हाये." आणि लाटण्याने ड्रमवर एकच टोला दिला, असा की माझ्या कानात दिवसभर घुमत राहिला. बोटं बाहेर आली. त्याने नाकातून फुर्र केलं, पाठ फिरवली आणि आला तसाच, घाई न करता, निघून गेला. पुढे चार-पाच पहाटे आला, लांबूनच पाहून गेला. मग यायचा बंद झाला. कुठे गेला, कोणाला सापडला का, मला माहीत नाही.

ऑक्टोबरात शकूताईला विमानात जागा मिळाली. आठ दिवसांची मुदत. फळाचा देठ अजून पुरता वाळला नव्हता, तिच्या हिशोबाने पंधरा दिवस कमी पडत होते. आतल्या बिया भरल्या असतील की पोचट राहिल्या असतील, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. निघायच्या आदल्या दुपारी तिने देठ कापला, फळ ओट्यावर आणून ठेवलं आणि मला आत बोलावलं. बांबू बाजूला ठेवून मी पहिल्यांदा तिच्या घरात शिरले, तोंडाला मास्क लावून.

तिने सुरी काढली तशी मी म्हटलं, थांब, प्रशांतला हाक मारते. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाईमाणसाने पहिली सुरी लावायची नाही, असं आहे. पुरुषाने एक काप द्यायचा, मग पुढचं आपण. सत्तरीला आले तरी मी ते मोडलं नव्हतं. हे गेल्यावर भाजीवाल्याकडूनच कापून आणायचे.

शकूताई माझ्याकडे वळली. "त्याचं लगीन लावलं मी. पानी घातलं मी. थंडीत राखण बसली तू. तो वर मीटिंगमधी हाये, आन पहिला काप त्याचा?" तिने सुरी उलटी करून मूठ माझ्या हातात दिली. "काप."

मी म्हटलं, माझ्याने व्हायचं नाही.

"दुसरं कोणी नाही. तूच. तुह्यापायी गेलं असतं, तुह्यापायीच वाचलं. काप."

मी सुरी देठाजवळ टेकवली. मनात सासूबाई आल्या, आई आली, सगळ्या येऊन ओळीने उभ्या राहिल्या. मी दोन्ही हातांनी जोर दिला. करकर आवाज होऊन फळ दोन भागांत उघडलं, आत केशरी, ओलं, लख्ख. काही झालं नाही. वरून प्रशांतच्या बोलण्याचा आवाज तसाच येत राहिला.

शकूताईने हात घालून बियांचा गर बाहेर काढला. एक बी अंगठा आणि बोटात धरून दाबली. चपटी झाली, पोचट. दुसरी, तीही पोचट. तिसरी तिने दाबली नाही, आधी डोळे मिटले. मग दाबली, आणि हात माझ्यापुढे केला.

"पाह्य," ती म्हणाली. "भरली हाये."